न उघडता बसवलेलं इंजिन

शटर अर्धं ओढून घ्या. नाहीतर नेमका याच वेळेला कुणीतरी वायपरचं रबर मागायला येतो आणि गोष्टीचा गळा आवळतो. हं, बसा आता. आमच्या ओळखीचा एक चष्मेवाला आहे, त्याच्या घरचं हे सांगतोय. माणूस अजून दुकानात बसतो. जाऊन विचारा हवं तर. सांगणार नाही, पण गप्प ज्या तऱ्हेने बसेल, त्यावरून कळेल.

तर एका शनिवारी संध्याकाळी चष्मेवाला गॅरेजातून आपली गाडी आणायला निघाला. गाडी वडिलांच्या वेळची, हाडापेराने मजबूत, पण चढ दिसला की तिला धाप लागायची. आदल्या महिन्यात सासरची मंडळी भरून डोंगरावर नेत होता, तर निम्म्या चढात तिने मान टाकली. सासूबाईंसकट सगळी वरात खाली उतरून चालू लागली. तेवढ्यात मागून बायकोचा भाऊ नव्या गाडीतून आला, काच खाली केली आणि गोड आवाजात विचारता झाला, ढकलू का थोडी? हा घास चष्मेवाल्याच्या घशाखाली काही उतरेना.

त्याने गाडी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे टाकली. भावोजी हाडाचे मेकॅनिक. ते म्हणाले, आहे त्या इंजिनाला कितीही पिळलं तरी दोनचार हॉर्सपॉवरच्या वर हाती लागणार नाही. त्यापेक्षा पुढच्या मॉडेलचं मोठं इंजिन भंगारातून आणू, थोडी कापाकापी केली की बसतं. आणलं. भंगारवाल्याने बजावलं, चालू गाडीतून काढलंय, उगाच उघडू नका. आता आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल, की वापरलेलं इंजिन हेड, म्हणजे वरचं झाकण, काढून आत नजर घातल्याशिवाय बसवायचं नसतं. भावोजीही तेच म्हणत होते. पण चष्मेवाल्याला येत्या रविवारी मेहुण्याला त्याच चढावर गाठायचं होतं. सकाळ-संध्याकाळ गॅरेजात जाऊन त्याने भावोजींच्या डोक्याचा भुगा केला. शेवटी भावोजी म्हणाले, घे बाबा, आणि न उघडताच बसवून दिलं.

गाडी मात्र अशी पळाली की विचारू नका. मेहुण्याला त्याने चढावर मागे टाकलं, तेही हॉर्न वाजवून. परतताना शीळ घालत आला.

सोमवारी सकाळी गाडीत बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली. आरसा खाली वाकवलेला. चष्मेवाला ताडमाड माणूस, बायकोला गाडी येत नाही, घरात तिसरं कुणी नाही. त्याने बॉनेटवर हात ठेवला.

कोमट होतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि पेट्रोलचा काटा खाली. दुकानदाराच्या डोक्यात संशय पेरावा लागत नाही, तो वाऱ्यावर येऊन रुजतो. त्याने रात्री चाकाला आणि खाली फरशीला जुळती खडूची रेघ ओढली. सकाळी रेघ जागच्या जागी. गाडी इंचभरही हललेली नाही आणि इंजिन गरम. बायको चहा देताना सहज बोलून गेली, की हल्ली तुमचं घोरणं फार बदललंय, वर जातं, खाली येतं, मध्येच थांबतं, मला काही धड झोप नाही.

आदल्या रात्री आपण तासन् तास जागेच होतो, म्हणजे ते घोरणं आपलं नव्हतंच, हे त्याने तिला सांगितलं नाही.

गाडीच्या दोन किल्ल्या. एक त्याच्याकडे, दुसरी भावोजींकडे, वरचेवर तपासायला लागेल म्हणून ठेवलेली. झालं, हिशोब जुळला. इंजिनात खोट आहे, आपल्या गळ्यात बांधलंय, आणि ती झाकायला भावोजी रात्री येऊन बसतात. चष्मेवाल्याच्या घरच्या गॅरेजची किल्ली बहिणीकडे होतीच.

तसाच बहिणीकडे गेला आणि जेवणाच्या ताटावर बोलून मोकळा झाला. भावोजींनी घास खाली ठेवला. जुडग्यातून किल्ली सोडवली आणि त्याच्यासमोर सरकवली. बोलली ती बहीण. आई गेल्यावर हिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला.

"तुझ्या दाराचीही किल्ली ने. आणि हे खोटं निघालं, तर या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

आता त्याला मागे फिरता येईना. भावोजी चोर निघाले तर बहीण तोंडघशी पडणार, नाही निघाले तर बहीणच तुटणार. तरी वाटत होतं, एकदा रंगेहाथ पकडलं की निदान आपण खरे ठरू.

बुधवार, एकोणीस फेब्रुवारीची रात्र. घरच्या गॅरेजचं दार आतून लावून घेतलं, दोन्ही किल्ल्या मुठीत धरल्या आणि मागच्या सीटवर चादर पांघरून बसला. बाहेर थंडी. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. दीड वाजून गेला असेल. डोळा लागतोय न लागतोय, तोच...

कट्.

पुढची सीट एक खाच सरकली.

कट्. आणखी एक.

दार उघडलेलं नव्हतं. सीटची गादी मात्र दबली. एखाद्या हलक्या माणसाच्या वजनाने दबावी तशी.

आरसा खाली वळला. हळूच.

जन्मभर लोकांना नीट बघायला लावणारा माणूस. त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

इंजिन सुरू झालं. दोन्ही किल्ल्या मुठीत रुतत होत्या. आवाज वर गेला... थांबला... खाली आला. पुन्हा वर. पुन्हा खाली. कुणीतरी कान देऊन ऐकत असावं. काय चुकतंय, ते शोधत असावं.

धुराने गॅरेज भरत चाललं. त्याचं डोकं जड झालं. कसाबसा आवाज फुटला.

"भावोजी... तुम्हीच ना?"

इंजिन बंद.

एकदम.



मग सीट मागे सरकू लागली. एकेक खाच. त्याच्याकडे. त्याच्या गुडघ्यांना टेकली... आणि तशीच राहिली.

तो कसा बाहेर पडला ते त्यालाही सांगता येत नाही. उजाडताना अनवाणी बहिणीच्या दारात उभा होता. उंबरा ओलांडला नाही. बाहेरूनच म्हणाला, "भावोजी, इंजिन उघडा." भावोजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सदरा चढवला.

आधी दोघे भंगारवाल्याकडे गेले. तो आढेवेढे घेत म्हणाला, एका बाईंच्या गाडीतलं आहे. ठेंगण्या होत्या. गाडीचं सगळं स्वतः करायच्या, इंजिनाला नवऱ्याचाही हात लागू द्यायच्या नाहीत. भावोजींनी विचारलं, मग विकली कशी? भंगारवाला चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

दुपारी गाडी ओढत गॅरेजात नेली. बहीणही येऊन उभी राहिली. भावोजींनी पान्हा लावण्याआधी चष्मेवाल्याला वाकवून हेडचे बोल्ट दाखवले. कारखान्यातला रंग प्रत्येकावर शाबूत. हे झाकण बनल्यापासून एकदाही निघालेलं नाही, असा त्याचा अर्थ. काढताना घामच फुटला. शेवटी पहारीने उचकटलं तेव्हा सुटलं.

आत चार पिस्टन. माथ्यावर काळीभोर काजळी. आणि त्या काजळीत बोटाची रेघ. मेकॅनिक लोक तपासायला बोट फिरवतात तशी. खाली धातू लख्ख चमकत होता. पोरांनो, आत जाळ होतो तिथे. गाडी एकदा सुरू केली तरी असली रेघ मिनिटभर टिकायची नाही.

भावोजींनी आपलं बोट वर धरून पाहिलं. दुप्पट रुंद होतं. चष्मेवाल्याचंही बसेना. त्याने मान खाली घातली. भावोजी फडक्याला हात पुसत राहिले. बहीण तेवढी म्हणाली, "रात्री जेवायला ये."

मग तिघेही पुन्हा वाकून बघू लागले. तीन पिस्टनवर रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट ओढलेली होती.

चौथ्यावरची अर्ध्यातच थांबली होती.