रांगेतलं लोखंड

देवजी लोहार सोमवारी फोटो घेऊन आला तेव्हाच तो मला पटला नव्हता. रानशेतच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं आहे, त्यात त्याचं दुकान जाणार. पन्नास वर्षांपूर्वी ते तिथंच होतं, हे दाखवायला त्याच्याकडे हा एवढा एकच फोटो. त्यात फेरफार नाही असं मी, डहाणूतल्या एका फोटो स्टुडिओचा मालक, शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं. अडलेला माणूस काय काय करतो, हे मी बावीस वर्षांच्या धंद्यात पाहिलं आहे.

फोटो मात्र झकास होता. पेटलेली भट्टी, भात्यापाशी देवजीचा बाप, बैलाला नाल ठोकून घेणारा एक जण, डोक्यावर सुक्या बोंबलांची टोपली घेतलेली बाई, सायकलीला टेकून विडी ओढणारे दोघे. उंबऱ्यासमोर जमिनीवर ओळीने तीन वस्तू: होडीचा छोटा नांगर, कुऱ्हाड आणि विळा.

"यांची गिऱ्हाइकं कुठायत?" मी विचारलं.

"बाजारात. आमच्याकडे माणूस थांबत नाय, जतीनभाई. लोखंड रांगेत ठेवायचं नि जायचं. काम होईस्तोवर मधनं कोणी उचलायचं नाय." त्याने एकेका वस्तूवर बोट ठेवलं. "हा नरपडच्या काळूचा नांगर, ही चैत्याची कुऱ्हाड, हा नवशीचा विळा. तिघं पण हयात आहेत. विचारा त्यांना."

तिन्ही वस्तू मी दाखल्याच्या मसुद्यात लिहून घेतल्या.

बुधवारी पडताळायला बसलो, तर फोटोत नांगर नव्हता. खाडाखोड नाही, डाग नाही. कुऱ्हाड पहिली, मागे विळा. संगणकातला स्कॅनही तसाच. मंगळवारी देवजी उगाचच चहाला येऊन बसला होता. त्यानेच कोणाला तरी हाताशी धरून हे केलं, अशी माझी खात्री झाली. मला मूर्ख बनवतोय याचा संताप आला. फोटो कपाटात टाकला आणि किल्ली खिशात ठेवली.

गुरुवारी दुपारी कपाट उघडलं. कुऱ्हाडही नव्हती.

 फोटो घेतला, मोटारसायकल काढली आणि रानशेत गाठलं. नवशी अंगणात उन्हाला बसली होती. ऐंशीच्या पुढची, पण नजर शाबूत.

"आजी, लोहाराचं दुकान तेव्हा इथंच होतं?"

"व्हतं ना." तिने फोटो डोळ्यांजवळ नेला.  "माजा फुडं आला."

"म्हणजे?"

"काळू मंगळवारी गेला. चैत्या आज सकाळी." तिने फोटो परत दिला आणि सुनेला हाक मारून नवं लुगडं काढायला सांगितलं.

मी घाबरून निघालो. सांगायला लाज वाटते, पण तिच्या सुनेशीही बोललो नाही. घरी न जाता रात्रभर स्टुडिओतच बसून राहिलो.

शुक्रवारी सकाळी शटर वर करतो तोच देवजीचा फोन.

"नवशी गेली पहाटे. साक्षीला आता कोणी राहिलं नाय, जतीनभाई. सगळं तुमच्या कागदावर."

मी फोटो काढला. विळा नव्हता.

पण उंबऱ्यासमोरची जागा मोकळीही नव्हती. तिथे एक विळी होती, भाजी चिरायची, पाटासकट.

भिंग लावलं. पाटावर नाव कोरलेलं होतं. लग्नात सासऱ्यांनी कोरून दिलेलं, माझ्या बायकोचं. कल्पिता.

मी घरी फोन लावला.

"कल्पिता, आपली विळी कुठाय?"

"अरे, धार गेली होती ना तिची. काल संध्याकाळी देवजीभाई आले होते, कागद झाला का विचारायला. त्यांच्याकडेच दिली."

"परत आण. आत्ताच्या आत्ता."

"एवढी काय घाई?" ती हसली. "आपलाच नंबर पहिला आहे म्हणाले."