श्वासातलं तूप

डॉ. निरुपमा सबनीस यांनी आहार-प्रयोगशाळेतला वजनकाटा स्वतःच अडगळीत टाकला होता. पाणी कमी प्यायलं तरी काटा खाली येतो, त्याच्यावर कसला विश्वास ठेवायचा, असं त्या म्हणत. त्यांनी बनवलेला श्वासवाचक मात्र फसायचा नाही. वजन उतरवायला तिथे राहिलेल्या प्रत्येकाने रोज सकाळी नळीत फुंकायचं. श्वासात तुपाचा अंश सापडला की तांबडा दिवा लागायचा.

सुगंधा धुमाळ इथे राहायला आल्या त्या मुलासाठी. त्याला मूत्रपिंड द्यायचं होतं, आणि वजन उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही असं सर्जनने बजावलं होतं. तोवर पोरगं डायलिसिसवर. प्रयोगशाळेच्याच कक्षात पिकवलेला भात, बिनफोडणीचं वरण, उकडलेल्या भाज्या; तेलातुपाचा थेंब नाही, म्हणून हवं तेवढं वाढत. सुगंधाताई मोजकंच खात. तरी दिवा तांबडाच. एका सकाळी निरुपमाबाईंनी भर पंगतीत विचारलं, "पोराच्या जिवापेक्षा तूप गोड लागतं का हो?" सुगंधाताई लाजेने लाल झाल्या आणि ताटावरून उठल्या.

पुढे दिवा हिरवा झाला, आणि हिरवाच राहिला. निरुपमाबाईंनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. आपण कान उपटले म्हणून बाई सुधारल्या, अशी त्यांची खात्रीच होती.

शस्त्रक्रियेआधी सर्जनने वजन मागितलं, तेव्हा अडगळीतून काटा आणावा लागला. सुगंधाताई आल्या होत्या त्याहून जड भरल्या. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली. निरुपमाबाई तणतणत सहकारी रसायनतज्ज्ञ पेंढारकरांकडे गेल्या. काट्यातच खोट आहे, असं त्यांचं म्हणणं.

पेंढारकरांनी शांतपणे विचारलं, "तुमचं यंत्र ओळखतं तरी काय?"

"कार्बनची ठेवण, म्हणजे त्यातल्या जड-हलक्या अणूंचं प्रमाण. ज्वारीच्या कडब्यावर पोसलेल्या म्हशीच्या तुपातला कार्बन वेगळा, आपल्या वरणभातातला वेगळा."

"आणि तो श्वासात कधी उतरतो?"

"शरीर ते तूप जाळतं तेव्हा."

"जाळतं तेव्हा. खातं तेव्हाच असं नाही. वर्षानुवर्षं खाल्लेलं तूप अंगावर साठतं, आणि चरबी झडायला लागली की तेच बाहेर पडतं. तांबडा दिवा लागत होता, कारण बाई वाळत होत्या."

मग हिरव्याचा अर्थ विचारायची गरज उरली नाही. रोजचंच अन्न पुरून उरलं, तर शरीर साठ्याला हात कशाला लावील? निरुपमाबाईंचा स्वतःचा दिवा कायम हिरवा असे आणि त्या तो सगळ्यांना कौतुकाने दाखवत. आता त्यांना स्वतःचीच किळस आली.

त्या सुगंधाताईंच्या खोलीत गेल्या. दिवा हिरवा कसा झाला, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

"तुम्ही बोललात त्या दिवशी घास उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी दिवा जास्तच लाल," सुगंधाताई म्हणाल्या. "मग एकदा पोटभर जेवले, तर हिरवा आला. तेव्हापासून भूक नसली तरी वाढून घेत होते, मॅडम. सगळ्यांत चोर ठरायला नको म्हणून."

निरुपमाबाईंनी सगळं सांगितलं आणि हात जोडले. सुगंधाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे तेव्हा मी बरोबर खात होते," त्या म्हणाल्या. "हे माझ्या पोराला तुम्ही सांगाल का? त्यालाही वाटतंय, आईनेच तोंड आवरलं नाही."