खाऱ्या शेतातली मोरस

"अहो, पाय उचला! तो नाही... डावा!"

सुश्रुतने घाबरून डावा पाय उचलला. पेणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा तो लाजाळू प्राध्यापक शेताच्या बांधावर एका पायावर उभा राहिला. खाली उकिडव्या बसलेल्या मुलीने त्याच्या टाचेखालचं लालसर, गुबगुबीत पानांचं रोप अलगद सरळ केलं.

"जगेल," ती म्हणाली. "आता ठेवा पाय. की आवडलं असं उभं राहणं?"

ती इशिता. रोह्याजवळच्या वरसे गावची. शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीत खाऱ्या जमिनीतली झाडं शोधत फिरायची. डोलवीपुढचं हे शेत, बांध फुटून खाडीचं पाणी शिरल्यापासून ओसाड पडलं होतं. भेगाळलेल्या मातीवर मिठाची पांढरी साय, आणि तिच्यातून वर आलेला एवढाच लाल रंग.

"कोणतं हे?" तिने विचारलं.

"मोरस... कदाचित."

"कदाचित?"

"दोन सारख्या दिसतात. एक वर्षायू. पावसाळ्यात उगवते, उन्हाळ्यात मरते. दुसरी वर्षानुवर्षं टिकते. चुकीचं सांगण्यापेक्षा..."

"न सांगितलेलं बरं," तिनेच वाक्य पुरं केलं. तिच्या गालावर मातीचं बोट उमटलं होतं. ते तिला सांगावं की नाही, हेही त्याला ठरवता आलं नाही.

पुढच्या रविवारी दोघं पुन्हा तिथेच आले. मग दर रविवारी. ती नागोठण्यावरून स्कूटीने यायची. तो एसटीने तासभर आधी येऊन बसायचा आणि आत्ताच आलो म्हणून सांगायचा.

शेताच्या मालकीणबाई बायजाकाकू एकदा लांबूनच ओरडल्या, "काय गो, झाडाला बघायला येता, का एकमेकांना?"

"सरांना विचारा, काकू! त्यांचं नक्की झालं की सांगतील!"

सुश्रुत भिंग पुसत राहिला. काच स्वच्छच होती.

चैत्रात रोप वाळायला लागलं. त्या रविवारी इशिता रोपाकडे न जाता बांधावरच थांबली.

"गुजरातेत नोकरी मिळतेय," ती म्हणाली. "खाऱ्या जमिनीवरच काम. उद्यापर्यंत कळवायचंय. जाऊ?"

"संधी... चांगली आहे."

"ते मलाही कळतं हो." ती रोपापाशी बसली. "ही कुठली मोरस, ते खात्रीने कसं कळेल?"

"पुढच्या वर्षी इथेच येऊन बघायचं. याच खोडाला पुन्हा पालवी फुटली, तर टिकणारी."

"मग येऊ या?" तिने वर पाहिलं. नजर हलवली नाही. "दोघं?"

तिला तेच म्हणायचं होतं का? आणि नसलं तर? ती नुसतं झाडाबद्दल विचारत असली, तर आपलं केवढं हसं होईल! त्याने घाईघाईने रोप उपटलं आणि पाठमोरा होऊन भिंग लावलं. मूळ दोऱ्यासारखं बारीक. बी धरून झालेलं. बुंध्यापर्यंत सुकलेलं.

"वर्षायूच आहे!" तो वळून म्हणाला. आवाजात चक्क आनंद होता. "शंकाच नाही. पुढच्या वर्षी यायची गरज नाही."

इशिताने मोबाईल काढला, काहीतरी लिहिलं, आणि पर्स खांद्याला लावली.

"सर, मी झाडाचं विचारत नव्हते."

"मला... वाटलं होतं तसं. पण चुकलं असतं तर?"

"तर मी हसले असते. मागून तुम्हीही हसला असता. दुसरं काय झालं असतं?"

ती बांधावरून उतरली तेव्हा कुठे त्याचे शब्द सुटले. "इशिता, जाऊ नका! मला तुम्ही आवडता... पहिल्या दिवसापासून."

ती थांबली. डोळे भरून आले होते, तरी ती हसली.

"येते म्हणून आत्ताच कळवलं मी त्यांना."

"नाही म्हणून कळवता येईल ना पुन्हा?"

"येईल की." तिने ओढणी सावरली. "पण आयुष्यभर मीच आधी विचारायचं का, सुश्रुत?"

याचं उत्तर त्याला माहीत होतं. ते जुळवेपर्यंत स्कूटी सुरू झाली. रस्त्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली, तरी तो उपटलेलं रोप हातात धरून उभा होता. खाली टाकवेना, आणि परत लावण्यासारखं तर ते उरलंच नव्हतं.