माह्या सांजेचं करू काय

चिखलीहून उंद्रीला येणारी एसटी खच्चून भरलेली, आणि माझ्या दोन्ही हातांत दुरुस्त करून आणलेली बाजाची पेटी. इतक्यात खिडकीजवळचा एक जण उठला.

‘ठेवा पेटी इथं.’

‘आणि मी?’

‘तुमी उभ्या राहा न. दुरुस्तीहून ती आली, तुमी थोडीच आल्या!’

मला हसू आवरेना. कंडक्टर ओरडला, ‘पेटीचं तिकीट काढा मंग!’ – आणि त्या खिडकीवाल्यानं खरंच खिशात हात घातला. उंद्री येईपर्यंत पेटी ऐटीत बसून आली, आम्ही तिच्या दोन बाजूंना उभे. गाडी वळली की त्याची बाही माझ्या बाहीला लागायची... आणि तो बाहेरच्या तुरीकडे बघायचा.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या गाण्याच्या वर्गाच्या दारात उभा. गजेंद्र. स्टँडजवळ त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान.

‘मले गाणं लिहाले शिकाचं हाये.’

‘कोणासाठी?’

‘लिहून तं होऊ द्या.’

आमच्या घरी पुरुषांना सकाळी बाबा शिकवतात. संध्याकाळी बायका आणि मुलं माझी. मी त्याला सकाळी यायला सांगितलं. ‘सकाळी शेतात नळ्या जोडाच्या असतात,’ तो म्हणाला आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला. आमची पट्टी काळी चार, बायकामुलांच्या गळ्याची, उंच. तो तिथवर चढायचा, मान ताठ, शिरा फुगलेल्या. भाजीवाल्या शालूबाई म्हणायच्या, ‘भाऊ, गळा फाटला तं शिवाले गावात टेलर नाही!’ आणि मग माझ्या कानात, ‘सकाळी तं हा दुकानापुढं चहा पीत उभा असते, बाई.’

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्या दिवशी माझाच सा दोनदा हलला.

गाणं लिहिणाऱ्यांसाठी माझा एक नियम आहे. ज्यानं कडवं लिहिलं, त्यानं ते आधी गायचं नाही. आधी न वाचता ते मी गाणार, त्यानं डोळे मिटून ऐकायचं. आपले शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून आले की कुठं खोटं लिहिलंय ते कळतं. गजेंद्रनं मोटरवर लिहिलं, विजेच्या लाइनवर लिहिलं, रानडुकरांनी खाल्लेल्या मक्यावर तर चार कडवी लिहिली. मी गायची, आणि प्रत्येक ओळीत स्वतःला शोधायची. सापडायचा तो मका! डोळे मात्र तो कधी मिटायचा नाही.

दोन महिने असे गेले. मग अमरावतीच्या एका शाळेतून संगीत शिक्षिकेच्या नोकरीचं पत्र आलं. सोमवारी रुजू व्हायचं. गुरुवारी वर्गात सांगितलं. पोरांनी गलका केला. तो वहीचा कोपरा दुमडत राहिला... उलगडत राहिला.

शुक्रवारी आला नाही.

त्या संध्याकाळी दाराशी चप्पल वाजली की माझा सूर थांबायचा. एकदा वर्गातल्या वंदनाची आई आली, एकदा दूधवाला. काही बोलला असता तर मी काय उत्तर दिलं असतं? ठाऊक नव्हतं. पण न बोलताच राहिला तर... ते मात्र मला अमरावतीला नेववणार नव्हतं.

शनिवारी शेवटचा तास. तो उशिरा आला, पँटला चिखल, हातात घडीचा कागद. माझ्यासमोर ठेवला आणि मागं जाऊन बसला. मी उघडला नि गायला लागले –

‘थेंबाथेंबानं पानी झाडाच्या मुळाले जाय,
तुमी गेल्यावर सांगा, माह्या सांजेचं करू काय...’

‘सांजेचं’वर माझा आवाज भरून आला. खोटं काही सापडलं नाही. आज पहिल्यांदाच त्यानं डोळे मिटले होते.

शालूबाई सावकाश उठल्या. ‘चला रे पोरंहो, बाईचा घसा दुखून राह्यला.’

खोली रिकामी झाली.

‘मी जाणार आहे,’ मी म्हटलं.

‘जा न. थांबा म्हनलो का म्या?’

‘मग हे आधी का नाही लिहिलं?’

‘गाणं पुरं झालं अस्तं तं वर्गात येनं सरलं अस्तं.’ तो खाली बघत म्हणाला. ‘मक्यानं मले दोन महिने देल्ले.’

मी हसले. डोळे पुसत हसले.

‘शाळा पाचला सुटते. सांजेला फोन करायचा, रोज. आणि दिवाळीच्या सुट्टीत मी आले की बाबांशी... तुम्ही बोलाल? की मी बोलू?’

‘तुमी लाजसान.’

‘मी? आत्ता चाळीस डोळ्यांसमोर तुमचं गाणं कोणी गायलं?’

त्यानं सरळ माझ्याकडं बघितलं. खिडकीकडं नाही, तुरीकडं नाही.

‘मंग दोघं बोलू,’ तो म्हणाला.

दोघं...

तेवढा शब्द घेऊन मी सोमवारी पहाटे अमरावतीच्या गाडीत बसले. संध्याकाळ व्हायला अजून खूप वेळ होता.