व्याप्तीबाहेरची शेड

"नवरा गेला. आता भाऊ तरी तुरुंगात जाऊ नये, एवढं बघा," सोनुबाई म्हणाली.

१९८९ चा आषाढ. खासगी तपास करणाऱ्या अक्काताईंचा सोमवारचा उपास होता. त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला. मदतनीस परशराम भिंतीला टेकून ऐकत होता.

सोनुबाईचा नवरा यल्लाप्पा उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फौंड्रीत ओतीव माल घासायचा. गेल्या आठवड्यात, गुणवत्तेच्या सर्टिफिकेटसाठी कारखान्याची तपासणी होती त्या दिवशी, मागच्या शेडमध्ये घासणीचं चाक फुटून तो मेला. दाराला बाहेरून कुलूप. ते फोडेपर्यंत सगळं संपलं होतं. शेड कागदोपत्री ठेक्यानं सोनुबाईच्या भावाकडे, सत्याप्पाकडे. म्हणून गुन्हाही त्याच्यावर.

"अण्णा सकाळपासनंच संकेश्वरला गेलता. संध्याकाळी आला, ह्येंच्या चपला माझ्या हातात दिल्या आन् पोरावानी रडला. लई जीव त्येचा दाजींवर."

"यल्लाप्पा चपला घालून काम करायचे?"

"न्हाय वो. यंत्र म्हंजी देव. चपला पायरीवर काढूनच आत जायचं. लोक हसायचे."

परशराम पोलीस ठाण्यात जाऊन आला. "मयत अनवाणी. पायरीवर न्हाय, शेडीत न्हाय, पायताण कुठंच न्हाय म्हनं."

अक्काताई फौंड्रीत गेल्या, तेव्हा मालक भीमसेन शेठ चिडलेच. "शेड माझी नाही. तपासणीच्या अर्जात लिहिलंय, घासणी बाहेरून करून घेतो. कुलूपकिल्ली ठेकेदाराची. मी दिवसभर तपासणीच्या साहेबांबरोबर."

अक्काताईंनी शेडभोवती सावकाश फेरी मारली. दार एकच, तेही कारखान्याच्या आवारात उघडणारं.

गुणवत्ता तपासणारे पुण्याचे तपासनीस दातार अहवाल पुरा करायला पुन्हा आले होते.

"तपासणीची व्याप्ती, म्हणजे काय काय तपासायचं, ते अर्जावरच ठरवता?" अक्काताईंनी विचारलं.

"सुरुवात अर्जापासून. काय बनवता, कुठं, कोणती कामं स्वतः, कोणती बाहेर. मग फिरून खात्री करतो. जेवणाआधी त्या दारापर्यंत गेलो होतो. कुलूप होतं, पायरी मोकळी. आत माणूस आहे अशी नुसती खूण दिसती, तरी दार उघडायला लावलं असतं. अपघात मी जेवायला गेल्यावर झाला."

"मालकच हो, आक्का," परशराम म्हणाला. "सर्टिफिकेट त्येलाच पायजे."

"पाहिजे त्यालाच. पण कुलूप त्यानं लावलं नाही."

संध्याकाळी सोनुबाई आणि सत्याप्पासह सगळे मालकाच्या ऑफिसात जमले. अक्काताई हळू आवाजात बोलू लागल्या.

"शेड शेठजींचीच. बाहेरच्या ठेकेदाराची असती, तर तिला बाहेरचं एक तरी दार असतं. दातारसाहेब, तुम्ही पायरी पाहिलीत, भिंतीला वळसा घातला नाहीत."

दातारांनी मान खाली घातली.

"तुम्ही आलात तेव्हा यल्लाप्पा आतच होता. कुलूप लागल्यावर कोणी आत जात नाही. मग चपला पायरीवर हव्यात. तुम्हाला दिसल्या नाहीत, पोलिसांना सापडल्या नाहीत. म्हणजे तुम्हाला दिसू नयेत म्हणून कुलूप लावणाऱ्यानंच त्या आधी उचलल्या. संध्याकाळी त्या सत्याप्पाच्या हातात होत्या. सकाळपासून संकेश्वरला असलेल्या माणसाला त्या मिळाल्या कुठं?"

सत्याप्पा बहिणीकडे वळला.

"दाजीला म्हनलं, साहेब पुढं जाईस्तोवर गप बसा, मग चाक चालू करा. उघडायला निघालतो, तर मालकानं गाडीवर बसवून संकेश्वरला पिटाळलं. म्हनले, आल्यावर उघड. चपला पिशवीतच ऱ्हायल्या."

"आत माणूस आहे हे मला काय ठाऊक!" भीमसेन ओरडले.

"तुमीच म्हनला न्हवं, माल आजच पायजे, त्येला बाहेर काढू नगं? सर्टिफिकेट आलं की मला नोकरीत कायम करतो म्हनला."

"चाकाला संरक्षक जाळी नव्हती," अक्काताई म्हणाल्या. "दार उघडलं असतं, तर दातारांनी काम तिथंच थांबवलं असतं. ते टाळण्यासाठीच हा सगळा ठेका. गुन्हा दोघांचा."

दातारांनी घसा साफ केला. "पुढच्या तपासणीत शेड व्याप्तीत घेऊ."



सोनुबाई उठली. भावानं तिच्या पायाकडे हात नेला, तशी ती मागे सरली.

"नागपंचमीला मला माहेरी न्यायला कुनाला धाडू नगं, अण्णा."