दोन गाण्यांमधली रतनबाई

दोन गाण्यांच्या मध्ये जी निःशब्द जागा असते, तिला कॅसेटी भरून देणारा छगन ‘गॅप’ म्हणे. मी विराम म्हणतो. विराम म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. थांबणे आणि विसावणे, असे दोन्ही भाव त्या शब्दात आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत. थांबलेला प्रत्येक जण विसावलेला असतोच असे नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचा गळीत हंगाम होता. श्रीगोंद्याच्या संध्याकाळच्या हवेत मळीचा आंबूस वास साचून राहिला होता. नाट्यपदांची एक कॅसेट भरायला टाकली होती, ती आणायला मी छगनच्या दुकानी गेलो. तेथे सहादेव बसले होते. साखर कारखान्यात बॉयलरवर काम करणारे, अबोल गृहस्थ. पत्नी रतनबाई आदल्या वर्षी वारली होती. पुतणीच्या बारशाला तिने म्हटलेला पाळणा एका कॅसेटवर होता. तिचा आवाज म्हणून घरात तेवढाच उरला होता.

तो पुसला जाऊ नये म्हणून सहादेवांनी कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवले होते. ते मोडले की तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. पण पुण्याला शिकणारा त्यांचा मुलगा सम्राट सुटीत आला, तो एका विलायती वाद्यवृंदाच्या निवडक गाण्यांची कॅसेट मित्राकडून मागून घेऊन. वेष्टनावर काळ्या पोशाखातली, पांढऱ्याफटक चेहऱ्यांची माणसे. घरातली नाव न लिहिलेली ही पाळण्याची कॅसेट त्याने निकामी समजून, वरून भरायला छगनकडे दिली. छगनने धंद्याच्या सवयीने मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली आणि ती गाणी भरून टाकली.

पाळणा परत काढून द्या, एवढेच सहादेव मागत होते. वरून भरले की खालचे जाते, हे छगन परोपरीने समजावीत होता. अखेर खात्री पटावी म्हणून त्याने कॅसेट लावली. संथ ढोल, घुमणारे गिटार, आणि खर्जातला पुरुषी आवाज.

“इहिरीत उतरून रडल्यागत गातोय,” छगन पुटपुटला.

गाणे संपले. फितीची खरखर... आणि तिच्यामागून, फार दुरून, एका दमलेल्या बाईचा आवाज.

“आजून किती गानी ऱ्हायलीत वो...”

पुढचे गाणे सुरू झाले. सहादेवांनी माझे मनगट धरले. प्रत्येक विरामात तोच प्रश्न, दर वेळी अधिक थकलेला. सम्राटच्या मित्राची मूळ कॅसेट अजून दुकानातच होती, छगनने ती लावून पाहिली. तिच्यातले विराम कोरे होते.

पाळण्याच्या वेळी ती असे काही म्हणाली होती का, असे मी विचारले.

“न्हाई, गुरुजी. दवाखान्यात शेवटी शेवटी इचारायची... आजून किती सुया ऱ्हायल्यात. ह्योच आवाज हुता.”

कॅसेट जपली तर आवाज राहणार होता, पण त्या परक्या गाण्यांच्या फटींत रतनबाई ताटकळत राहणार होती. सहादेवांनी ती कॅसेट उचलून छगनच्या हातात ठेवली.

“पुसून टाक, छगन. सुटू दे तिला.”

छगनने यंत्राला काहीही न जोडता दोन्ही बाजू कोऱ्या भरल्या.

गावात ही हकिगत सांगतात तेव्हा ती येथेच संपवतात: नवऱ्याने आवाजावर पाणी सोडले आणि बायको मोकळी झाली. हा शेवट ऐकायला बरा आहे, खरा नाही. आमच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. गाणी गेली, तेव्हा त्या फितीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विरामच उरला. दुसऱ्या दिवशी सहादेवांच्या ओसरीवर आम्ही ती लावली. रतनबाई आता काही विचारीत नव्हती. ती कोणाला तरी सावकाश, न थांबता काहीतरी सांगत होती. शब्द लागत नव्हते. मधूनमधून “व्हय... व्हय...” असा हुंकार येत होता, तो मात्र स्पष्ट होता. तो सहादेवांचा होता.

सहादेव माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून बसले होते.