तीन छप्पनचा आकडा

या, जरा जवळ सरून बसा. टाळ खाली ठेवा, पाण्याचा तांब्या फिरू द्या. पूर्वरंगात देवाचं झालं. आता देवानंच जुळवलेली एक गोष्ट सांगतो. घडली आपल्या लातुरात, शिकवण्यांच्या गल्लीत, एका छपाईच्या मशीनपाशी. हसू नका! जो खांबात प्रगटला, त्याला मशीनचं काय वावडं?

तर एका क्लासचे पेपर छापणारी जगदेवी मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत होती. गालाला काळी पावडर लागलेली. बाहेर श्रावणसर येऊन गेली होती, आणि दारात एक उंच तरुण केसांतले थेंब झटकत उभा.

"मशीन बघायला आलोय..."

"मग आत या की! स्थळ बघायला आल्यासारखं उंबऱ्यात काय उभे?"

"स्थळ असतं तर आईला घेऊन आलो असतो," तो म्हणाला. जगदेवीनं गाल पुसला, तर पावडर नाकापर्यंत पसरली. तो हसला नाही. नुसता रुमाल पुढं केला.

हा व्यंकट. गाव लोहा, शिक्षण विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. कॉपी, स्कॅन, छपाई सगळं एकातच करणारी मशीनं कचेऱ्यांची गुपितं सांभाळतात का, ते तपासायचं त्याचं काम. क्लासचे मालक संगप्पा सर यांनीच त्याला बोलावलेलं. कारण रविवारच्या चाचणीचा पेपर शनिवारीच होस्टेलांमधून फिरला होता, आणि आळ आला ग्यानोबामामांवर. मामा शिपाई, छपाईच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं. येत्या सोमवारी त्यांना कामावरून काढायचं ठरलेलं.

जगदेवीला आई नव्हती. मुरुडच्या मावशीनं वाढवलेली. या परक्या शहरात पहिल्या दिवशी "जेवलीस का बाई?" विचारणारे मामा एकटेच. ती सरांना तोंडावर म्हणाली होती, "मामांनी न्हाई केलं. सोमवारच्या आत दाखवून देते."

"कॉपी काढली की मशीन ती विसरतं का?" व्यंकटनं विचारलं.

"विसरतंच की. लोखंडाला काय ध्यान राहतंय?"

त्यानं लॅपटॉप जोडला. पडद्यावर जुन्या पेपरांच्या रांगा उभ्या राहिल्या. "हिच्या पोटात हार्डडिस्क हाय. दोन वर्षांचं सगळं तसंच. हे बघा, तुमचा रजेचा अर्ज. पोटदुखी. खरंच दुखत होतं?"

"लोकाचं वाचत बसलात व्हय!" ती लालबुंद झाली. मग हळूच — "कीर्तन होतं..."

मशीननं वेळांची नोंदही ठेवलेली. शनिवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी साठवलेल्या पेपरच्या दोन प्रती निघाल्या होत्या. तेव्हा मामा तर सरांच्याच जीपमधून वह्या घेऊन मुरुडला गेलेले! जगदेवीनं टाळी वाजवली. व्यंकटचं बोट मात्र त्या नोंदीवरच होतं.

"साठवलेला पेपर काढायला आकडा टाकावा लागतो. तो कुणाला ठाऊक हाय?"

"मला..." तिचा आवाज खाली आला. "फक्त मला."

तो मशीनकडं वळला. मग चार बटणं दाबली. शून्य, तीन, पाच, सहा. मशीन उघडलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. पहिलाच टाकून बघितला... किल्लारीकडच्या का तुम्ही?"

ती खुर्चीत बसली. "विसर्जनाची दमलेली रात. पहाटे तीन छप्पनला भूकंपात घर पडलं. आई माझ्यावर वाकली म्हणून मी हाय. वर्षाची होते. मला वाटलं, हा आकडा माझ्या एकटीचा..."

"सगळ्या जिल्ह्याचा हाय तो," व्यंकट हळू म्हणाला. "चोराचापण." मग म्हणाला, "अहवालात नुसतं 'आकडा कच्चा' लिहितो. तुमचं नाव कशाला?"

"न्हाई. नाव लिहा. चूक माझी, अन् मामांनी का भोगावी?"

त्यानं नावासकट अहवाल लिहिला. तिनं तो उचलला आणि सरळ सरांच्या खोलीत गेली. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, "काढायचं तर मला काढा." संगप्पा सरांनी अहवाल मिटून ठेवला. मग चष्मा काढून पुसला.

"पोरी, माझ्या तिजोरीचापण तोच हाय गं."

मामांचं काढून टाकायचं पत्र सरांनी तिथंच फाडलं. चोरून प्रती काढणारा क्लासमधलाच एक मास्तर निघाला. आठ दिवसांत कबूल झाला.

भाद्रपदात नवी मशीनं आली. काम संपलं की पोटातलं सगळं पुसणारी. आकडा टाकायला जगदेवी पुढं झाली. व्यंकटनं पाठ फिरवली.

"सांगू का तुम्हाला?"

"न्हाई. कुणालाच सांगायचा न्हाई, असा नियम हाय."

"मग जन्मभर असंच पाठ फिरवून उभं राहणार?"

तो वळला. "आमचे बाबा, सटवाजी, त्या साली लोह्यातून भाकरी घेऊन किल्लारीला गेले होते. दहा दिवस ढिगारे उपसले. तवापासून दर तीस सप्टेंबरला पहाटे देवापुढं एक दिवा जास्तीचा लावतात. कुणासाठी, ते त्यांनाही ठाऊक न्हाई... त्या दिव्याचं नाव सांगायला घरी याल?"

तेवढ्यात दाराआडून एक बाई डोकावली. "व्यंकट, किती येळ? मला आणलंस ते पायरीवर बसवायला का?"

"आईला आणलंत?"

"म्हटलं होतं ना... पहिल्याच दिवशी."

जगदेवी हसली, आणि हसता हसता डोळे भरले. "येते," ती म्हणाली. "माझ्या आईचं नाव कावेरीबाई."

बाबांनो, मायबाईंनो, त्या दिव्याला असं नाव मिळालं, आणि या दोघांना घर. आता तुमच्याकडं एवढंच मागणं. तुमच्या कुलपाला आकडा कुठलाही ठेवा. पण कधी पहाटे अवचित जाग आली, तर लेकरावर वाकलेल्या त्या कावेरीबाईला आठवा.